पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

बेनीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हातात लाटणं धरून कचऱ्याच्या डब्यांना आपल्या आईच्या मयताची हकीकत सांगत होते.

सकाळची वेळ होती. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. कौन्सिलची गाडी येते त्या दिवशी डबे बाहेर नेऊन ठेवायचे, एवढं घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं. शेजारच्या घराबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मी डबा ढकलत बाहेर आले, तर शेजारच्या दारासमोर एक बुटके, टकले, साठीच्या आसपासचे गृहस्थ ड्रेसिंग गाउनमध्ये उभे. लाटणं तोंडासमोर, माइक धरतात तसं. समोर त्यांचे तीन डबे ओळीने मांडलेले.

"फ्यूनरलला सगळे मला म्हणाले, तुझी आई किती शांत दिसतेय," ते इंग्रजीत डब्यांना सांगत होते. "मी म्हटलं, शांत? माझे सगळे शो तिने ह्याच चेहऱ्याने पाहिलेत!"

मग ते थांबले आणि निळ्या झाकणाच्या डब्याकडे अपेक्षेने बघू लागले.

मी जागच्या जागी गोठले. कुठल्या संकटात कुठला नंबर फिरवायचा हे ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हे संकट पोलिसांचं की अ‍ॅम्ब्युलन्सचं, एवढंच मला ठरवायचं होतं. तेवढ्यात ते गृहस्थ वळले आणि चक्क मराठीत म्हणाले,

"तू लाफ नाही केला."

माझ्या हातातून डबा सुटला.

"तीन बिन्स हसला," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "तू नाही."

मी मराठी आहे हे त्यांना कुंपणापलीकडून कळलं होतं. रविवारी मी मागच्या अंगणात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. पण हे मराठी कसे? ह्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मला दुसरा धक्का बसला. त्यांचं पूर्ण नाव बेंजामिन थळकर. अलिबागजवळच्या थळचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहून मराठी झालेले ज्यू. आईवडील मुंबईहून इंग्लंडला आले, आणि बेनीकाका इथेच जन्मले. माझं शिक्षण पुण्यात इंग्रजी माध्यमात झालं. ट्यूडर राजे मला क्रमाने पाठ आहेत. थळचे ज्यू मात्र मला मिल्टन कीन्सला कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटले.

ते धंद्याने स्टँड-अप कॉमेडियन. थळकर हे नाव कुठल्याही सूत्रसंचालकाला उच्चारता येईना, म्हणून त्यांच्या पहिल्या एजंटने ते कापून 'टॉल' केलं. बेनी टॉल. उंची पाच फूट दोन इंच. स्टेजवर नुसतं नाव पुकारलं आणि हे आत आले की पहिला हशा फुकट मिळतो.

"अंकल," मी त्यांना तेव्हा म्हणाले होते.

"अंकल नको. पोलीस केसमधला माणूस वाटतो."

बेनी म्हणणं मला शक्य नव्हतं. बेनीकाकांवर तडजोड झाली.

आता ह्या माणसाच्या सवयी. पहिली म्हणजे, हा माणूस हसत नाही. त्यांना एखादी गोष्ट खरोखर मजेशीर वाटली की ते एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखे गंभीर होतात आणि म्हणतात, "दॅट्स फनी." बस. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मला वाटलं, ह्यांना नैराश्य वगैरे आहे. पुढे त्यांचे दोन-तीन व्यवसायबंधू भेटले. सगळे तसेच. मिठाईवाल्याने पेढा खाऊ नये तसं असावं.

दुसरी सवय म्हणजे आयुष्यात जे काही वाईट घडेल ते मिनिटांत मोजणं. म्हणजे त्या संकटावर स्टेजवर किती मिनिटं बोलता येईल, त्यावर त्या संकटाची किंमत. बॉयलर बिघडला, दोन मिनिटं. गुडघ्याचं ऑपरेशन, सात मिनिटं. घटस्फोट? "ट्वेंटी मिनिट्स. विथ इंटरव्हल." माझ्या व्हिसाचे कागद अडकले होते आणि मी रडकुंडीला आले होते, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला आणि सहानुभूतीने म्हणाले, "वन मिनिट. सॉरी, केतकी. जास्त नाही निघणार."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तेवढ्याने ते संकट एका मिनिटाएवढंच झालं.

तिसरी सवय तालमीची. डब्यांसमोर नवा विनोद पहिल्यांदा म्हणून बघायचा, आणि तो टिकला तर रेडवेवर न्यायचा. रेडवे म्हणजे आमच्या गावातले चालायचे-सायकलचे लाल रस्ते. मोठ्या रस्त्यांखालून त्यांचे बोगदे जातात, आणि बोगद्यात आवाज घुमतो. बेनीकाका तिथे उभे राहून लाटण्यात बोलतात. एक गृहस्थ रोज सकाळी त्याच बोगद्यातून सायकलवर ऑफिसला जायचे. त्यांना रोज विनोदाचा मधला तुकडा ऐकू यायचा. एके दिवशी त्यांनी करकचून ब्रेक मारला, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "साहेब, तो पाद्री आणि त्याचा वॉशिंग मशीनवाला, त्यांचं शेवटी झालं काय? माझी बायको विचारतेय." बेनीकाकांनी शेवट सांगितला. गृहस्थ जरा विचार करून म्हणाले, "हं. आम्ही घरी लावलेला शेवट बरा होता." आणि गेले.

"दॅट्स फनी," बेनीकाका मला हे सांगताना म्हणाले. ते गृहस्थ नेमके सुट्टीवर गेले, आणि त्या घरच्या शेवटासाठी बेनीकाका दोन आठवडे बोगद्यात त्यांची वाट बघत उभे होते.

माझ्याशी त्यांचं सूत का जुळलं, तर माझ्या चेहऱ्यामुळे. माझा चेहरा हलत नाही. ही शाळेपासूनची तक्रार आहे. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत मी एकटीच कुणाच्यातरी तेराव्याला आल्यासारखी दिसते. मला आतून हसू येतं, ते बाहेरपर्यंत पोहोचत नाही. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. हे बेनीकाकांना कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले.

"तू माझा शोला ये," ते म्हणाले. "फ्रंट रो. कॉर्नर सीट. पोलाइट लाफ केला तर मी तुला घरी नाही आणणार. बस पकड."

कॉमेडी शोमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्यांचं काय होतं हे मी व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं. नाव विचारतात, नोकरी विचारतात आणि मग शंभर लोकांसमोर सोलतात. मी नको म्हणून मान हलवली.

"त्या चेअरला मी टच नाही करत," ते एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले. "नेव्हर. प्रॉमिस."

मी गेले. ब्रॅकनेलमधल्या एका पबच्या मागच्या खोलीत, शुक्रवारी संध्याकाळी. गळ्यातली ऑफिसची ओळखपत्रंसुद्धा न काढता आलेले आयटीवाले भरले होते. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बेनीकाकांचा कोट ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला आणि मला बसवलं.

त्यानंतरचा तासभर मी नुसती हादरत होते. हा माणूस आपल्या मेलेल्या आईबद्दल काय वाट्टेल ते बोलत होता! आई नर्स होती, म्हणून पेशंटचं दुखणं मोजतात तशी ती माया एक ते दहाच्या आकड्यांत मोजायची आणि ह्यांची माया कधी तीनच्या वर गेलीच नाही. आईचा चेहरा एअरपोर्टवरच्या पासपोर्ट तपासणाऱ्यांसारखा. ती ह्यांच्या प्रत्येक शोला यायची, पहिल्या रांगेत कडेला बसायची, पर्स मांडीवर घट्ट धरायची आणि हे विमानतळावरून परत पाठवण्याच्या लायकीचे आहेत की नाहीत हे ठरवायची. लोक टेबलं बडवत होते. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आमच्या घरी आईबद्दल चारचौघांत 'ती जरा हट्टी आहे' एवढंही कुणी बोललेलं नाही.

परतताना गाडीत बेनीकाकांनीच विषय काढला.

"कमॉन. बोल."

"तुमच्या आईंबद्दल असं..." मी म्हटलं.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले. "माझा मम्मी. शी केम टु एव्हरी गिग. तीस वर्षं. केतकी, शी नेव्हर लाफ्ड. वन्स पण नाही."

मग त्यांनी त्यांची सगळी कारकीर्द सांगितली. वडील लवकर गेले. आईने, फ्लोराबाईंनी, हॉस्पिटलात पाळ्या करून एकटीने वाढवलं. बेनीकाका ब्रॅकनेलला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर होते. चिडून फोन करणारे गिऱ्हाईक शेवटी हसत फोन ठेवायचे आणि पुन्हा फोन करायचे, त्यामुळे कंपनीचं नुकसान व्हायला लागलं. तिथून सुटले ते लंडनच्या कॅमडेन भागातल्या एका पबच्या माडीवर पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले. मग पब, मग क्लब, मग थोडे दिवस टीव्ही. टीव्हीवर येणाऱ्या विनोदी चर्चेच्या एका कार्यक्रमात ते बसायचे. चॅनेलवाल्यांना तरुण चेहरे हवे झाले आणि बेनी टॉल जहाजावरच्या पर्यटकांना आणि गोल्फ क्लबात जेवायला आलेल्यांना हसवू लागले. आता त्यांनी नवा एक तासाचा शो लिहायला घेतला होता, सगळा आईवर. तो ऑगस्टमध्ये एडिनबरोच्या मोठ्या नाट्यमहोत्सवात न्यायचा. नाही जमलं तर धंदा बंद.

"मला एडिनबरो नको," ते मध्येच म्हणाले. "मला एकच क्वेश्चन आहे. वॉज आय एनी गुड? कंट्री म्हणतो गुड. पण तिने नाही सांगितला. आणि आता शी इज डेड, सो..."

ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. त्याची मिनिटं त्यांनी सांगितली नाहीत.

कडेची खुर्ची कुणाची होती हे मला त्या दिवशी कळलं. आई गेल्यापासून ते त्या खुर्चीवर कोट ठेवत. माझा न हलणारा चेहरा बघून त्यांनी पहिल्यांदा तो उचलला होता. हे कळल्यावर मी नाही म्हणू शकले नाही. त्या वसंतात जिथे जिथे त्यांचे तालमीचे प्रयोग झाले तिथे तिथे मी कडेला बसले, पर्स मांडीवर धरून, आणि हसले नाही. शो संपला की गाडीत त्यांना कुठे विनोद लांबला, कुठे आधीच कळला, हे सांगायचं. सॉफ्टवेअरपेक्षा हे सोपं होतं. विनोद बिघडलेला असला की लोक तिथल्या तिथे सांगतात.

आणि मग शोचा शेवट लिहून झाला.

रविवारी दुपारी पुन्हा ब्रॅकनेल. शेवटची दहा मिनिटं त्यांनी मला आधी ऐकवली नव्हती. डब्यांनाही नाही.

"शो संपला की," त्यांनी सुरुवात केली, "आई मला कार पार्कात न्यायची." मग लाटणं, नव्हे माइक, स्टँडला लावून त्यांनी आईचं सोंग घेतलं. पर्स उघडली. मूठ भरली. "मीठ! माझ्या आईच्या पर्समध्ये मीठ असायचं! का? तर मी अळणी होतो म्हणून?" हशा. मग ती मूठ त्यांनी स्वतःच्या डोक्याभोवती फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. तोंडातून एक शब्द नाही, चेहरा दगडी. मग आई तोंड फिरवते आणि तरातरा चालू लागते. "एक शब्द नाही बोलली! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही!" ती गटारापाशी जाते आणि सगळं मीठ त्यात टाकते. "मी विचारलं, आई, हे काय? तर म्हणाली, काही नाही, तुझं डोकं शांत व्हावं म्हणून. लोकहो, माझा शो बघून माझ्या आईने माझ्यातलं भूत उतरवलं!"

खोली कोसळली. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"आणि गंमत बघा. ज्या दिवशी मी स्टेजवर मेलो, एकही माणूस हसला नाही, त्या दिवशी मीठ नाही, काही नाही! चल बाळा, भूक लागली असेल. चॉकलेट द्यायची! ज्या दिवशी लोक लोळले, त्या दिवशी मीठ. जितका मी चांगला, तितकं मीठ जास्त. टीव्हीचं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी सुक्या मिरच्यापण आणल्या. घरी नेऊन गॅसवर जाळल्या. फायर अलार्म वाजला, आख्खी बिल्डिंग रस्त्यावर! एवढा तिला माझा शो आवडला नव्हता!"

मी तोंडावर हात ठेवला होता. ते मला नंतर कळलं. बेनीकाकांचं लक्ष कडेच्या खुर्चीकडे गेलं, आणि तीस वर्षं स्टेजवर काढलेला तो माणूस पुढचं वाक्य विसरला. लोकांना वाटलं, तोही विनोदच. टाळ्या वाजल्या.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "टू मच? तू शॉक झाला. पहिल्यांदा तुझा फेस हलला."

मिल्टन कीन्स येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मला भीती वाटत होती. हे सांगावं तर त्यांच्या शोचा शेवट मोडणार, आणि त्या शोवर त्यांचं सगळं पुढचं आयुष्य उभं. न सांगावं तर हा माणूस जन्मभर आपल्या आईला चुकीची ओळखत राहणार. आमच्या गावात चौकाचौकाला राउंडअबाउट, म्हणजे गाड्यांनी वळसा घालायचं गोल बेट, आहे. त्यातल्या एकात गाडी शिरली तेव्हा मी म्हटलं,

"बेनीकाका, ती दृष्ट काढत होती."

"व्हॉट?"

"दृष्ट. नजर. लोकांची वाईट नजर लागू नये म्हणून मीठ ओवाळून टाकतात. भूत नाही. वेड नाही. ज्याचं फार चांगलं झालं त्याचीच काढतात."

आमचा फाटा गेला. त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. दुसरी फेरी सुरू झाली.

"काढताना बोलायचं नसतं," मी म्हटलं. "टाकायला जाताना मागे वळून बघायचं नसतं. आणि केलेलं कुणाला सांगायचं नसतं. म्हणून तुम्हाला काहीतरी उत्तर दिलं. मला ही नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पुण्याहून फोनवरून मीठ उतरवलं. मला वाटलं आवाज गेला. मी आपली हॅलो हॅलो करतेय."

"पण माझ्या लहानपणी नाही केला कधी."

"तेव्हा तुम्ही काही केलं होतं का? नाव घेण्यासारखं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नो," ते म्हणाले. तिसरी फेरी.

"बट शी नेव्हर लाफ्ड."

ह्याचं उत्तर मला माहीत होतं. माझी आई माझे मार्क बघून नेहमी 'बरे आहेत' म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. "सगळ्यात आधी आईचीच नजर लागते म्हणतात. म्हणून आई तोंडावर कौतुक करत नाही. खूप आवडलं तर जास्तच गप्प बसते."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. बेनीकाकांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि गाडी गोल गोल.

"कॅमडेन," ते म्हणाले. "फर्स्ट एव्हर. शी डिड द सॉल्ट."

"मग कॅमडेन चांगलं झालं."

"मला वाटला बॅड झाला. लीड्स?"

"लीड्सला काय केलं त्यांनी?"

"काही नाही. चॉकलेट दिला."

"मग लीड्स वाईट."

"लीड्स वॉज टेरिबल!" ते जवळजवळ ओरडले. "शी न्यू! मँचेस्टर? मँचेस्टरला सॉल्ट होता, पण छोटा. असा, दोन बोटं."

"म्हणजे बरं होतं."

"सेकंड हाफ स्लो होता," ते पुटपुटले. "शी वॉज राइट. सेकंड हाफ वॉज स्लो."

फेरीमागून फेरी, ते एकेक गाव काढत होते आणि आईने प्रत्येक गावाला दिलेले गुण आता कुठे त्यांना वाचता येत होते. टीव्हीच्या रेकॉर्डिंगपाशी येऊन ते थांबले. म्हणजे बोलायचे थांबले. गाडी चालूच होती.

"मिरच्यापण होत्या," मी हळूच म्हटलं.

"चिलीज," ते म्हणाले. "फायर ब्रिगेड आला होता, केतकी."

मग त्यांनी फाटा घेतला आणि आम्ही घरी आलो. दारात मी वाट बघत होते, आता हे किती मिनिटांचं झालं ते सांगतील. ते कुलूप उघडून आत गेले. दुसऱ्या दिवशी डब्यांसमोर कुणी नव्हतं. मी बोगद्यापर्यंत जाऊन आले, तिथेही नव्हतं. सायकलवाले गृहस्थ थांबून मला विचारून गेले, "तुमचे ते आजारी आहेत का?"

शेवटचा मोठा प्रयोग मिल्टन कीन्सलाच होता, जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी. एडिनबरोच्या थिएटरच्या बाई तो बघून ऑगस्टचं ठरवणार होत्या. मी कडेला बसले. ते शेवट गाळणार, की बदलणार? त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, आणि मी विचारणाऱ्यांतली नाही.

शेवट आला. पर्स उघडली. मूठ फिरली. आई तरातरा निघाली. मला वाटलं, आता खरं सांगतील. "लोकहो," बेनीकाका म्हणाले, "माझा शो बघून माझ्या आईने माझ्यातलं भूत उतरवलं!"

एक शब्द बदलला नव्हता. मिरच्या, अलार्म, रस्त्यावर आलेली बिल्डिंग, सगळं तसंच. लोक उभे राहिले. एडिनबरोच्या बाई डोळे पुसत होत्या. मला इतका धक्का बसला की टाळी वाजवायचं सुचलं नाही. सगळं माहीत असून हा माणूस तेच खोटं पुन्हा बोलला? टाळ्यांसाठी?

बाहेर कार पार्कात अजून लख्ख उजेड होता. बाईंनी येऊन त्यांचा हात हलवला, ऑगस्ट पक्का म्हणून सांगितलं आणि त्या गेल्या. मी धीर करून विचारलं,

"तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

बेनीकाका गाडीची किल्ली शोधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "केलेला सांगायचा नसतो. तूच बोलला." मग थोड्या वेळाने, "दे कॅन हॅव द जोक. बाकीचा माझा आहे."

(मी हे सगळं मराठीत लिहितेय त्याचं कारण हेच. त्यांचे प्रेक्षक इकडे फिरकणार नाहीत.)

कार पार्काच्या कोपऱ्यात चिप्स विकणारी गाडी उभी होती. मी काही न बोलता तिकडे गेले. काउंटरवर मिठाच्या कागदी पुड्या होत्या, त्या मूठभर घेतल्या. मोहऱ्या कुठून आणणार? मस्टर्ड सॉसची पाकिटं होती. एक उचललं, विचार केला, परत ठेवलं. चिप्सवाला म्हणाला, "लव्ह, चिप्स नकोत?" मी मान हलवली. मीठ टाकून होईपर्यंत मला बोलायचं नव्हतं.

पुड्या फाडत मी परत आले. बेनीकाकांनी माझ्या मुठीकडे बघितलं आणि त्यांचे हात खिशातच राहिले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं.

मी असं कधी कुणाला काही केलेलं नाही. ऑफिसात लोक वाढदिवसाला मिठी मारतात तेव्हाही मी फाइल पुढे धरते. पण दृष्ट काढायला चेहऱ्यावर काही आणावं लागत नाही. मी मूठ त्यांच्या डोक्याभोवती फिरवली. त्यांना वाकावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, शाळेत प्रार्थनेला मिटतात तसे. चिप्सवाला झारा हातात धरून बघत राहिला.

तीनदा झाल्यावर मी वळले आणि कार पार्काच्या टोकाला गटाराची जाळी होती तिकडे चालू लागले. अंतर बरंच होतं. मीठ मुठीत ओलसर झालं होतं. मागून किल्ली डांबरावर पडल्याचा आवाज आला. ती कुणी उचलल्याचा आला नाही.

मागे वळून बघायचं नसतं. म्हणून बेनीकाका तेव्हा काय करत होते, त्यांचा चेहरा कसा झाला होता, हे मला सांगता येणार नाही. फ्लोराबाईंनाही ते कधी दिसलं नसणार.